"गॅस झालाय, जरा पडतो"

"गॅस झालाय, जरा पडतो म्हणजे बरं वाटेल." घामाने शर्ट भिजलेला माणूस हे म्हणतो आणि घरातले सगळे मान डोलावतात. आज दिवसभर हेच वाक्य डोक्यात घोळतंय.

पण तो हार्ट अटॅकही असू शकतो: छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, हातात किंवा जबड्यात कळ, मळमळ, थंड घाम. बायकांना आणि मधुमेहींना तर कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं.

गुठळीने हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली की पलीकडचा हृदयाचा स्नायू मरायला लागतो. दवाखान्यात पोहोचल्यापासून ९० मिनिटांत अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडणं, व्हावी, असं डॉक्टर धरून चालतात. घरी पडून काढलेला तास त्यात धरलेलाच नसतो.

मग एकदम धांदल. कुणी पाणी पाजतं, कुणी हाताला धरून जिना उतरवतं. जिना नकोच! पाठीला टेकू देऊन, गुडघे दुमडून बसवा आणि आधी रुग्णवाहिका बोलवा. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर फोनवर विचारून ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम, तीही चावून. अख्खी गिळली तर उशिरा लागू पडते. शेजाऱ्यांची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) मात्र जिभेखाली ठेवू नका. बीपी आधीच उतरलेलं असेल तर आणखी कोसळतं.

आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून लगेच घरी निघू नका. तो पुन्हा काढावा लागतो, ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) काही तासांनी परत तपासतात.

एवढा घाम गॅसने येतो का, हे त्या वेळी कुणीच कसं विचारत नाही?