स्नोबोल कंपायलर, नोंद चौथी : नाशिक आडनावात कसं शिरलं

मजकूर हाताळणाऱ्या स्नोबोल४ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी मी कंपायलर (प्रोग्रॅमचं यंत्राला चालवता येईल असं रूप करणारा प्रोग्रॅम) लिहितोय. त्याचा पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, एकदाचा मार्गी लागला. स्नोबोल४ मध्ये सगळी गंमत मोकळ्या जागेची आहे. दोन स्ट्रिंग (अक्षरांच्या माळा) जोडायच्या तरी मध्ये स्पेस, स्ट्रिंगवर पॅटर्न (जुळवून बघायचा साचा) चालवायचा तरी स्पेसच. वजाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली तर वजाबाकी. फक्त डावीकडे सोडली तर ऋण संख्या मागच्या स्ट्रिंगला चिकटते. १९६२ साली बेल लॅब्समध्ये फार्बर, ग्रिसवोल्ड आणि पोलोन्स्की यांनी मूळ स्नोबोल भाषा सुरू केली तेव्हा एकेक स्पेस पंच कार्डावर मोजून मारावी लागत असणार. मी मात्र दोन रविवार त्यांच्या नावाने बोटं मोडली.

आता खरी गोष्ट. पॅटर्नमध्ये ‘डॉट’ (.) या चिन्हाने पकडलेला तुकडा व्हेरिएबलमध्ये जातो तो पूर्ण पॅटर्न जुळल्यावरच. ‘डॉलर’ला ($) तेवढा धीर नसतो, तो तिथल्या तिथे टाकून मोकळा होतो. डॉटसाठी मी एक ‘बाकी’ यादी ठेवली होती : जुळलं की नोंद करायची, शेवटी सगळ्या नोंदी ओळीने वटवायच्या. चाचण्या हिरव्या. मग खऱ्या डेटावर चालवलं. फाइलमध्ये दोन प्रकारच्या ओळी होत्या, ‘आडनाव,गाव’ आणि ‘गाव,पिनकोड’, म्हणून पॅटर्नला दोन फांद्या, एक जुळली नाही तर दुसरी. ‘नाशिक,४२२००१’ ही ओळ आली आणि छापून आलं : गाव नाशिक, आडनावही नाशिक!

पहिल्या फांदीने स्वल्पविरामापर्यंतचा तुकडा आडनाव म्हणून टिपला, पुढे अक्षरांऐवजी आकडे दिसले म्हणून ती माघारी फिरली, पण तिची नोंद यादीत तशीच राहिली. चाचण्यांमध्ये हे का दिसलं नाही? तिथे प्रत्येक वेळी एकच व्हेरिएबल होतं, त्यामुळे शेवटची नोंद आधीच्या चुकीवर आपोआप पांघरूण घालत होती. उपाय चार ओळींचा निघाला. पुढे आजमावायचा पर्याय स्टॅकवर (एकावर एक रचलेल्या नोंदींवर) ठेवताना यादीची तेव्हाची लांबीही ठेवायची, आणि बॅकट्रॅक करताना, म्हणजे माघारी फिरताना, यादी तेवढ्यावर छाटायची.

इंजिन आतून काय करतंय ते बघायला एक जुनी युक्ती कामी आली. ‘आर्ब’ला (कितीही अक्षरांना जुळणारा पॅटर्न) डॉलर लावून ‘आउटपुट’मध्ये (यात टाकलेलं छापलं जातं) सोडायचं आणि पुढे ‘फेल’ (कधीच न जुळणारा पॅटर्न) ठेवायचं. प्रत्येक प्रयत्न छापला जातो. ‘नदी’वर चालवलं तर न, नद, नदी, द, दी असं करत शेवटी एक बिचारी एकटी वेलांटी, ठिपक्यांच्या गोलावर टांगलेली. (मधल्या रिकाम्या ओळी सोडून दिल्या.) आधी मी बाइट मोजत होतो तेव्हा तर ‘लेन १’ने (एकाच अक्षराला जुळणारा पॅटर्न) ‘न’चे तीन तुकडे केले होते. आता कोडपॉइंट (युनिकोडमधलं एकेक चिन्ह) मोजतो, वेलांटी सुटली तर सुटली.

कंपाइल करण्याबद्दल : ‘कोड’ हे फंक्शन चालू प्रोग्रॅममध्ये स्ट्रिंगचं रूपांतर नव्या विधानांत करतं, म्हणजे कंपायलर रनटाइमच्या (प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेच्या) पोटातच हवा. असली भाषा नीट कंपाइल होणार नाही असंच पूर्वी मानत. ड्युअर आणि बेल्चर यांनी आयबीएम ३६० या मोठ्या संगणकावर स्पिटबोल हा स्नोबोल४चा कंपायलर लिहून ते खोटं ठरवलं. माझा अजून बाइटकोडवरच (यंत्राच्या भाषेआधीच्या मधल्या टप्प्यावरच) आहे.

‘आर्बनो’ला (दिलेला पॅटर्न कितीही वेळा जुळवणारा) रिकामी स्ट्रिंग जुळणारा पॅटर्न दिला की तो गरगर फिरतच बसतो. या शनिवारी त्याचा नंबर.