स्टॅच्यू म्हटलं की चौकट तयार

जिनिव्हात शनिवारी सकाळी मी मुलांना कॉमिक्स करायला शिकवते. कुणाच्या घरी पोर्तुगीज, कुणाच्या अरबी, कुणाच्या तमिळ. फ्रेंच प्रत्येकाचं आपापल्या परीनं. या शहरात हे काम करताना मला एका माणसाचा मोठा आधार वाटतो. आधुनिक कॉमिक्सचा जनक मानला जाणारा रोडोल्फ टोपफर (१७९९–१८४६) इथलाच, आणि पेशानं मास्तर. स्वतःची निवासी शाळा चालवायचा आणि पोरांना हसवायला चित्रांच्या गोष्टी काढायचा. छापणं वगैरे नंतरचं. जी कला वर्गात खेळता खेळता रुजली, ती शिकवताना आधी नाक-डोळ्यांची प्रमाणं घोटून घ्यायची, हे मला अजिबात पटत नाही.

मे महिन्यात कुडाळला माहेरी गेले, तेव्हा वर्गातले कॉमिक्सचे खेळ आपल्याकडच्या पोरांबरोबर खेळायचे ठरवून गेले होते. पडवीत वाडीतली पोरं जमली. कागद पुढे केला तसा एक जण म्हणाला, "माका चित्र काढूक येना नाय." हे वाक्य जिनिव्हातही दर नव्या वर्गात ऐकू येतं. अशा वेळी मी पेन्सिली बाजूला ठेवायला सांगते आणि सगळ्यांना स्टॅच्यू खेळायला उठवते.

गोष्ट एवढीच: आई बांगडे तळतेय, मांजर टपून बसलंय. पोरांनी ती करून दाखवायची, मी मधेच 'स्टॅच्यू' ओरडायचं. जो जिथे थबकला ती चौकट. मग जुंपली! आई पाठमोरी झाली ती चौकट घ्यायची, की पंजा ताटात पडला ती? 'येना नाय' म्हणणारा मुलगाच मांजर झाला होता. तो म्हणाला, पंजा दाखवायचाच नाही. आधी ताटात चार बांगडे, पुढच्या चौकटीत तीन आणि मांजर मिशा चाटतंय. झालं! दोन चौकटींच्या मधली कोरी पट्टी वाचकाच्या भरवशावर सोडायची, हे भल्याभल्यांना लवकर उमगत नाही. मग त्यानं ती गोष्ट गोल आणि काड्या जोडून काढली. कुणालाही समजावून सांगावी लागली नाही.

खेळ तोच ठेवला तरी मूल पाहून नियम बदलावा लागतो. लहानग्यांना मी पहिली आणि शेवटची चौकट काढून देते, मधलं त्यांचं. ज्याचा हात चांगला आहे त्याला शब्दबंदी, नाहीतर सगळ्या चौकटी एकाच जागेवरून बघून काढायच्या. फ्रान्समध्ये १९९२ साली ऊबापो नावाचा चित्रकारांचा गट सुरू झाला, तो अशीच बंधनं घालून घेऊन कॉमिक्स करतो. सुबक रेघांवर निभावून नेणारं मूल बंधन आलं की विचार करायला लागतं. ज्याला चित्रापेक्षा बोलणं आवडतं त्याला संवादांचे फुगे भरायला द्यावेत, आणि घरच्या बोलीत लिहू द्यावं. मालवणीतली भांडणं फुग्यांत उतरली तेव्हा पडवीत नुसता हशा होता.

एका दुपारी सगळे जवळच्या पिंगुळीला गेलो. ठाकर समाजाची चित्रकथी तिथे आजही जिवंत आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. चित्रं सुट्या कागदांवर असतात. एकेक समोर धरायचं, गात गात कथा सांगायची, मग पुढचं. परत आल्यावर पोरांनी आपण होऊन एकेक चौकट वेगळ्या कागदावर काढली, जमिनीवर मांडली आणि मागेपुढे करत बसली. वहीत काढलेलं पुसायला मुलांचा जीव होत नाही. सुटा कागद मात्र खुशाल हलवतात, नको तर काढून टाकतात. आता जिनिव्हातही वह्या बंद केल्या आहेत.

सध्या दोन्हीकडची पोरं मिळून एकच गोष्ट करताहेत, शब्दांशिवाय. कुडाळहून माझ्या फोनवर चौकटीचा फोटो येतो, शनिवारी इथली मुलं पुढची काढतात. काल मांजर होडीत चढलंय आणि जाळ्यात काहीतरी भलंमोठं हलतंय. आता पाळी आमची.