आमची वाटचाल : प्रोसेसरची वीज आणि कोडची तपासणी

पुण्यात आमच्या कंपनीची सुरुवात कारखान्यांच्या लिनक्स सर्व्हरच्या देखभालीपासून झाली. सर्व्हरच्या खोलीतील उष्णता आणि वाढते वीजबिल या तक्रारी ग्राहकांकडून वारंवार येऊ लागल्या, तेव्हा 'सीपीयूपॉवर'चा, म्हणजे २०११ पासून लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कोडमध्येच असलेल्या, प्रोसेसरचा वेग पाहण्याच्या व बदलण्याच्या साधनाचा, आधार घेऊन आम्ही प्रोसेसरचा वेग ठरवणारे आणि वीजवापर नोंदवणारे साधन तयार केले. ते काम लवकर उरकले. त्यात येणारा प्रत्येक बदल तपासण्याची शिस्त बसायला मात्र बराच काळ लागला, आणि आज आमची ओळख आहे ती त्या तपासणीमुळेच.

या क्षेत्रातला चुकीचा कोड बहुधा बंद पडत नाही, तो बिनबोभाट खोटे आकडे देत राहतो. इंटेलच्या प्रोसेसरमधील 'रॅपल' हा ऊर्जेचा काउंटर ३२ बिटांचा असून अनेक मॉडेलांत त्याचे एकक १/६५,५३६ ज्यूल असते. म्हणजे ६५,५३६ ज्यूल खर्च झाले की तो पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. सलग ६५ वॅट वापर असेल, तर अवघ्या सतरा मिनिटांच्या आत एक फेरी पूर्ण होते. अर्ध्या तासाने एकदा नोंद घेऊन वजाबाकी करणारा कोड वाचायला निर्दोष वाटतो, पण मधली फेरी त्याच्या हिशेबातच येत नाही. म्हणून आमच्याकडे तपासणारा आधी कागदावर हे गणित मांडतो आणि मगच कोड उघडतो.

गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा वेग कसा ठेवायचा हे ठरवणारे कर्नलमधील धोरण, बदलण्याच्या कोडमध्येही चूक लपण्याची अशीच जागा आहे. सी भाषेतील लिहिण्याच्या 'एफप्रिंटएफ' या फंक्शनने सिसएफएसच्या (कर्नलच्या सेटिंग फाइलरूपात दाखवणाऱ्या व्यवस्थेच्या) फाइलमध्ये गव्हर्नरचे नाव लिहिले की मजकूर आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, राहतो, त्यामुळे कर्नलने ते नाव नाकारल्याचे फाइल बंद करतानाच कळते. फाइल बंद करणाऱ्या 'एफक्लोज'चे उत्तर न पाहणारा पॅच (कोडमधील बदल) आम्ही परत पाठवतो. नवीन मुलांना हे प्रथम जाचक वाटते. प्रोसेसरच्या बंद केलेल्या कोअरवरची (गणना करणाऱ्या भागावरची) चाचणीही आम्ही सक्तीची केली आहे.

तपासणीचे तास आम्ही दरपत्रकात वेगळे दाखवतो. काही ग्राहकांनी ती ओळ काढण्याचा आग्रह धरला, तेव्हा वर दिलेला सतरा मिनिटांचा हिशेब आम्ही त्यांच्यासमोर त्यांच्याच सर्व्हरवर करून दाखवला. सध्या हेच साधन एआरएम बोर्डांवर (एआरएम या वेगळ्या रचनेचे प्रोसेसर असलेल्या संगणक-पट्ट्यांवर) नेण्याचे काम चालू असून, तिथे रॅपल नसल्याने पुरवठ्याच्या तारेवर मीटर लावून प्रत्येक आकडा पडताळत आहोत.