दोरा कशाला हवा होता?

गोव्यातली कुशावती नदी पावसात भरून वाहते तेव्हा उसगाळीमळचा कोरीव चित्रांचा कातळ पाण्याखाली असतो. म्हणून सहावी-सातवीची सहल आम्ही जानेवारीत ठेवली. डिचोलीहून कातळाजवळचं रिवण लांब. सकाळी साडेसहाला बस सुटली तरी फोंडा, कुडचडे करत पोचेपर्यंत नऊ वाजून गेले.

सहलीचं मूळ शनिवारच्या तासात होतं. शेवटच्या तासाला मी मुलांना देशोदेशींच्या पुराणकथा सांगते, आणि गोष्ट संपली की प्रश्न त्यांचे. परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला, ही गोष्ट गोव्यातल्या मुलांना वेगळी सांगावी लागत नाही. एकाने विचारलं, "टीचर, अशी जमीन आणखी कोणी काढली?" मग न्यूझीलंडच्या माओरींचा माउई आला. आजीच्या जबड्याच्या हाडाची गरी करून त्याने समुद्रातून भलामोठा मासा ओढला, तेच तिथलं उत्तरेकडचं बेट. माओरी भाषेत त्याला आजही 'माउईचा मासा' म्हणतात. जपानचे इझानागी आणि इझानामी आले. त्यांनी आकाशातल्या पुलावरून भाल्याने समुद्र ढवळला, आणि भाला वर काढताना टोकावरून ठिबकलेल्या खाऱ्या पाण्याचं बेट झालं. आमच्यातल्या एका मुलाचे वडील मांडवीत गरवायला जातात. तो म्हणाला, "गरी तळाला अडकली की वाटतंच, सगळी जमीन वर येणार. ही गोष्ट मासे मारणाऱ्यानेच केली असणार." मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं आहे.

त्याच ओघात ग्रीकांचा थीसियस आला. क्रीट बेटाच्या मिनोस राजाने डेडलस नावाच्या कारागिराकडून एक चक्रव्यूह बांधून घेतला आणि त्यात बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर कोंडला. अथेन्सहून सात मुलगे आणि सात मुली त्याच्या तोंडी पाठवल्या जात. थीसियस आत शिरला तो राजकन्या अरियाडनीने दिलेल्या दोऱ्याचं टोक दाराशी बांधून, आणि मिनोटॉरला मारून त्याच दोऱ्याने परत आला. मुलं अगदी गप्प बसून ऐकत होती. तेव्हा मी म्हटलं, असाच चक्रव्यूह आपल्या गोव्यात कातळावर कोरलेला आहे, चला बघायला.

नदीकाठचा तो जांभ्याचा कातळ दुरून काहीच सांगत नाही. तिथल्या गावातल्या एका दादांनी बाटलीतलं पाणी एका जागी हलकेच ओतलं, आणि ओल्या खाचांतून बैल उठून आला. शिंगं, वशिंड, पोटाची रेष. मग हरणं, माणसं, पावलं. ही चित्रं जगापुढे आली १९९३ साली. ती किती जुनी यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण काही हजार वर्षांपूर्वी कोणीतरी इथे बसून दगडाने दगड खोदत होतं, एवढं लहान मुलालाही समोर दिसतं. हात लावायचा नाही, वर पाय ठेवायचा नाही, हे बसमध्येच बजावलं होतं. मुलं कडेने उकिडवी बसली.

चक्रव्यूहाच्या रेषा मधेमधे झिजल्या आहेत. म्हणून मी क्रीटमधल्या नोसॉसच्या जुन्या नाण्यांवर असतो तो चक्रव्यूह कागदावर मोठा काढून नेला होता. तो काढणं रांगोळीसारखंच. आधी एक फुली, चार कोपऱ्यांत चार काटकोन, चार ठिपके, मग एकेक टोक कमानीने पलीकडच्या टोकाला जोडत जायचं. सात फेऱ्या आपोआप तयार होतात. सहावीतल्या एका मुलीने कागद मांडीवर घेतला आणि दारातून बोट आत घातलं. वाट आधी तिसऱ्या फेरीत गेली, मग बाहेर दुसरीत, पहिलीत, तिथून चौथीत, एकदम सातवीत, मागे सहावी, पाचवी, आणि मध्य. तिने बोट तसंच उलटं फिरवून बाहेर काढलं. पुन्हा एकदा केलं. मग मान वर करून म्हणाली, "टीचर, ह्यात एकच वाट आहे. फाटा कुठेच नाही. हरवणार कसं? मग थीसियसला दोरा कशाला?"

गेली कित्येक वर्षं मी ही गोष्ट सांगते आहे आणि ते चित्रही काढते आहे. दोन्ही एकमेकांना लावून कधी पाहिली नव्हती. गोष्टीतल्या व्यूहात माणूस भरकटतो, चित्रातल्या व्यूहात भरकटायला जागाच नाही. मी तिला तसंच सांगितलं, की तुझं बरोबर आहे, आणि याचं उत्तर आत्ता माझ्याकडे नाही.

मग माझ्याकडे जे होतं ते मुलांपुढे ठेवलं. हेच चित्र ग्रीसमध्ये पायलॉसच्या राजवाड्यात मातीच्या एका छोट्या पाटीमागे सापडलं. इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास वाडा जळला, त्या आगीत पाटी भाजली म्हणून टिकली. पुढच्या बाजूला शेळ्यांचा हिशेब, मागे कोणा कारकुनाने ओढलेला हा व्यूह. कर्नाटकातल्या हळेबीडच्या बाराव्या शतकातल्या देवळावर अभिमन्यूच्या प्रसंगात व्यूह दिसतो तो याच जातीचा. एक मुलगा लगेच म्हणाला, "अभिमन्यू तरी वाट कुठे चुकला? मागची वाट जयद्रथाने अडवली." खरंच की. त्याला माणसांनी घेरलं होतं.

आमच्याबरोबर शाळेच्या मदतनीस मावशी होत्या. इतका वेळ त्या पलीकडे आई आणि बाळाची म्हणून दाखवतात त्या आकृतीपाशी उभ्या होत्या. त्या जवळ आल्या आणि कागद पाहून म्हणाल्या, "हे माझ्या आजीने काढलेलं मी बघितलंय. बाई अडली की पितळी ताटात केशराने हे काढायचं आणि तिच्यासमोर धरायचं. तिने डोळ्यांनी वाटेने आत जायचं नि बाहेर यायचं. मग ते धुऊन पाणी प्यायला द्यायचं." मुली एकमेकींना चिकटून ऐकत होत्या. वाट एकच असेल आणि तीही लांबलचक, तर कळा सोसणाऱ्या बाईला ती का दाखवत असतील हे मला तिथे, त्या कातळावर उभी असताना पहिल्यांदा उमगलं. पुढचं मला बोलवेना.

दोऱ्याचं मात्र राहिलंच होतं. ते बोलले पाणी ओतणारे दादा. ते शिगम्यात गोफ नाचतात. वर टांगलेल्या रंगीत दोऱ्या एकेकाने हातात धरायच्या, नाचत नाचत त्यांची वेणी विणायची, आणि मग उलट्या पावलांनी सगळी सोडवायची. "आमच्या गोफातपण वाट ठरलेलीच, टीचर. तरी दोरी लागतेच."

परतीच्या बसमध्ये मला ग्रीक कवी होमर आठवला. त्याच्या इलियड या महाकाव्यात डेडलसने नोसॉसला अरियाडनीसाठी काय बांधलं म्हणून सांगितलंय? नाचाचं अंगण. आणि ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो की परतताना थीसियस डेलॉस बेटावर उतरला आणि सुटलेल्या मुलामुलींसह त्या व्यूहाची वळणं घेत नाचला. त्या नाचाला तिथले लोक क्रौंच पक्ष्याचं नाव देत. दोरा आधी नाचणाऱ्यांच्या हातात होता का, आणि राक्षसाची गोष्ट नंतर त्याला गुंडाळली गेली का? हे माझं अनुमान. पण ते आठ दिवस डोक्यातून गेलं नाही.

पुढच्या शनिवारी मुलांनी शाळेच्या अंगणातल्या तांबड्या मातीवर चुन्याने व्यूह आखला. फुली, काटकोन, ठिपके, कमानी. सगळी एकमेकांचे हात धरून रांगेने आत शिरली. सातव्या फेरीतली मुलं पहिल्या फेरीतल्यांना हाका मारत होती. प्रश्न विचारणारी मुलगी सगळ्यांत पुढे होती. मध्यावर पोचली तशी ती थांबली, मागे वळून लांबलचक रांगेकडे पाहिलं आणि तिथूनच मोठ्याने विचारलं, "टीचर, वाट एकच होती, तर मग तो मिनोटॉर चालत बाहेर का नाही आला?"