नरक्याचा बुंधा

"हा काप आमच्या माणसाचा न्हाई," पाटण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या मावशी आज ठामपणे म्हणाल्या. जळणासाठी गावकरी फांद्या तोडतात, तीही कोयत्याने. समोरचा बुंधा मात्र जमिनीलगत करवतीने सपाट कापलेला होता आणि शेजारची मुळेही खणून नेलेली होती.

झाड नरक्याचे. त्याच्या खोडात व मुळांत कॅम्प्टोथेसिन असते, ज्यापासून कर्करोगावरची औषधे तयार होतात. त्यामुळे सह्याद्रीतला नरक्या चोरून तोडला जातो, त्याचे तुकडे वाळवून पोत्यांत भरले जातात आणि वाडीवरच्या पोरांना फार तर दिवसाची मजुरी मिळते. बुंधा राखला तर त्याला पुन्हा धुमारे फुटतात. मुळेच गेली की तीही आशा संपते.

जंगलाच्या रक्षणाचा अधिकार 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दिलेला आहे, हे मावशींना ठाऊक होते (माझ्या ओळखीच्या कित्येक शिकलेल्यांना ते ठाऊक नाही). तरीही तोडीची खबर द्यायला त्या कचरत होत्या, कारण चौकशीला आधी आपल्याच पोरांना बोलावतील, अशी त्यांना धास्ती होती.

खबर देणाऱ्यावरच संशय येणार नाही, एवढी हमी त्यांनी कोणाकडे मागायची?