ऑस्टिनचं टेक्सास कॅपिटल: आई-बाबांना घेऊन गेलो त्याचा अनुभव

आई-बाबा भारतातून आले होते, बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, त्यामुळे त्यांना मॉलपेक्षा बांधकाम दाखवलेलं बरं म्हणून कॅपिटलला, म्हणजे टेक्सास राज्याच्या विधानभवनात नेलं. आधी प्रॅक्टिकल गोष्टी सांगतो. सॅन जॅसिंटो रस्त्यावरच्या व्हिजिटर गॅरेजमध्ये गाडी लावा, पहिले दोन तास फुकट. प्रवेशालाही पैसे नाहीत, दारात एअरपोर्टसारखं बॅग चेकिंग होतं, आणि आत फुकट गाईडेड टूर असते ती नक्की घ्या.

पण टूरच्या आधी बाहेरच्या भिंतींपाशी जरा थांबा. हा गुलाबी-लाल दगड, सनसेट रेड ग्रॅनाइट, मुळात प्लॅनमध्ये नव्हताच. आधी जवळचा चुनखडी दगड वापरायचं ठरलं होतं, पण त्यात लोहाचं प्रमाण असल्याने तो हवेत डाग धरायला लागला, मग मार्बल फॉल्सजवळच्या ग्रॅनाइट माउंटनच्या मालकांनी ग्रॅनाइट फुकट दिला. खाणीत तुरुंगातले कैदी राबवले, त्याविरुद्ध दगडकामगारांच्या युनियनने बहिष्कार घातला, तेव्हा स्कॉटलंडहून कारागीर आणले. हे कळल्यावर भिंतीकडे नुसतं सुंदर म्हणून बघता येत नाही, त्या कैद्यांचे हात आठवतात, आणि मला वाटतं ते आठवायलाच हवेत. पैशांचं म्हणाल तर राज्याकडे रोकड नव्हती, म्हणून कंत्राटदारांना पॅनहँडलमधली, म्हणजे टेक्सासच्या उत्तर टोकाच्या पट्ट्यातली 30 लाख एकर जमीन दिली, त्यातून पुढे एक्सआयटी रँच हे गुरांचं प्रचंड मोठं रँच झालं. बाबा हे ऐकून दोनदा म्हणाले, "बिल जमिनीत दिलं?"

1888 मध्ये पूर्ण झालेली ही इमारत, आर्किटेक्ट एलायजा मायर्स. उंची वॉशिंग्टनच्या कॅपिटलपेक्षाही, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनापेक्षाही जास्त.

रोटंडात, म्हणजे घुमटाखालच्या गोल दालनात, मधोमध उभं राहून वर बघा. घुमटाच्या टोकाला छोटासा तारा दिसतो, तो प्रत्यक्षात 8 फूट रुंद आहे! आणि बोललात की आवाज फिरून कानाशी येतो, आईने हळूच "गणपती बाप्पा" म्हटलं आणि स्वतःच दचकली. भिंतीवर गव्हर्नरांची चित्रं आहेत, नवीन गव्हर्नरचं चित्र लागलं की बाकीची सगळी एकेक जागा पुढे सरकवतात. बहुतेकजण फोटो काढून निघतात पण दारांच्या बिजागऱ्या बघा, पितळेच्या त्या जड बिजागऱ्यांवर टेक्सास कॅपिटल असं कोरलंय. दार उघडताना कुणाचं लक्ष जातं तिथे, तरी केलंय! सभागृहातल्या झुंबरात दिव्यांनी टेक्सास अशी अक्षरं जुळवलीयेत, तेही खालून नीट दिसतं.

मला सर्वात जास्त आवडलं ते मात्र नवं बांधकाम. 1983 मध्ये आग लागली होती, जागाही कमी पडत होती, तरी शेजारी उंच इमारत उभी न करता उत्तरेला जमिनीखाली विस्तार केला, तो 1993 मध्ये पूर्ण झाला. वरून हिरवळ दिसते, खाली ऑफिसं, आणि काचेच्या छतांमधून इतका उजेड येतो की तळघरात आहोत असं वाटत नाही. जुन्या वास्तूला धक्का न लावता काम वाढवायचं असेल तर हे उदाहरण आपल्या इंजिनिअर लोकांनी बघायला हवं असं बाबा म्हणाले आणि मला ते शंभर टक्के पटलं. पण तिथे बघत फिरण्यात दोन तास कधी संपले कळलं नाही, त्यामुळे पार्किंगचे थोडे पैसे भरायची तयारी ठेवा आणि विस्तार शेवटी न बघता आधी बघा.