इटलीतल्या अनोळखी वाइन्स आणि आपलं जेवण

बारोलो आणि ब्रुनेल्लो ही इटलीच्या लाल वाइन्समधली मोठी नावं. पण ताटात भजी, भरली वांगी, मटण असं सगळं असेल तर या बाटल्यांचे पैसे बहुतेक वेळा वाया जातात. दोन्हींत तुरटपणा भरपूर आणि अल्कोहोल 14 टक्क्यांच्या आसपास. तिखट खाल्ल्यावर जिभेची आग अल्कोहोलने आणखी भडकते आणि तुरटपणा दुप्पट वाटतो. त्यापेक्षा ज्यांची नावं इटलीतही शेजारच्या प्रांताबाहेर फारशी कुणी घेत नाही, त्या वाइन्स आपल्या जेवणाशी जास्त जमवून घेतात. किंमतही बरी पडते.

पाहुण्यांना घरी बोलावून अशा पाच वाइन्स जेवणासोबत चाखायच्या तर हिशेब आधी. सहा माणसं, पाच बाटल्या. बाटली 750 मिलीची. प्रत्येकाला चाखायला 75 मिली दिली की 450 मिली जाते आणि उरलेली 300 मिली ज्याला जी आवडली ती जेवताना पुन्हा घ्यायला राहते. पाच प्रकार मिळून माणशी 375 मिली, म्हणजे अर्धी बाटली. इथे इटलीत गाडी चालवण्यासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. तेव्हा पाहुण्यांना ट्राम-ट्रेननेच बोलवा.

सुरुवात लाम्ब्रुस्को दी सोर्बाराने करा. लाम्ब्रुस्को म्हटलं की गोड, लाल सोडा असा समज आहे, पण सोर्बारा वेगळीच: फिकट गुलाबी, कोरडी म्हणजे गोड नसलेली, आंबटपणा लखलखीत. मोदेनाजवळ सेक्किया आणि पानारो या नद्यांमधल्या सपाटीवर ही द्राक्षं होतात. या वेलीचे पराग निकामी असतात, म्हणून फलधारणेसाठी शेजारी सालामिनो या दुसऱ्या वाणाच्या वेली लावाव्या लागतात. तरीही घड विरळच भरतात. मोदेनाचे लोक ती न्योक्को फ्रित्तो, म्हणजे तळलेल्या पिठाच्या फुगीर चौकोनांबरोबर पितात. तळणीचं तेल बुडबुडे आणि आंबटपणा धुऊन काढतात. कांदाभजी आणि कोथिंबीर वडीला हेच हवं असतं. अल्कोहोल साधारण 11 टक्के, त्यामुळे मिरची भडकत नाही. लेबलवर ‘सेक्को’ वाचून घ्या. ‘अमाबिले’ किंवा ‘दोल्चे’ असेल तर गोड निघेल. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली असेल तर तळाशी यीस्टचा गाळ असतो. ती आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये उभी ठेवा. कोमट किंवा हिंदकळलेली बाटली उघडली की अर्धी वाइन टेबलावर.

पांढऱ्यांत तिमोरास्सो. पिएमोंते प्रांताच्या आग्नेय टोकाला तोर्तोनाच्या टेकड्यांत हे वाण जवळपास संपलं होतं. मोंलेआले गावच्या वाल्तेर मास्सा यांनी 1980च्या दशकात ते पुन्हा उभं केलं. आता बाटलीवर बऱ्याचदा ‘देर्तोना’ असं तोर्तोनाचं जुनं नाव दिसतं. ही वाइन लोक दोन प्रकारे बिघडवतात. एक म्हणजे फ्रिजमधून काढून थेट ओततात. 6 अंशांना तिला फक्त आंबट चव असते, मध-बदामाचा वास 12 अंशांच्या पुढे मोकळा होतो. म्हणून अर्धा तास आधी बाहेर काढा. दुसरं म्हणजे ताजी पितात. तीन-चार वर्षं जुनी घ्या. जुन्या बाटलीला रॉकेलसारखा पुसट वास येईल. तो दोष नाही, या वाणाचा स्वभाव आहे. खोबऱ्याच्या रसातल्या कोळंबीसोबत उत्तम. चीज हवं असेल तर त्याच भागातलं मोंतेबोरे शोधा, तीन मजली केकसारखं रचलेलं असतं.

तिसरी फ्राप्पातो, सिसिलीच्या वित्तोरिया भागातली. हलकी लाल, स्ट्रॉबेरीचा वास, तुरटपणा नावाला. सिसिलीत वांग्याची कापोनाता जिथे तिथे असते, आंबट-गोड आणि तेलकट; आपली शेंगदाणा-गुळाची भरली वांगी चवीने फार लांब नाहीत. लाल वाइन म्हणजे खोलीच्या तापमानाला, हे इथे विसरा. फ्राप्पातो 14 अंशांना, म्हणजे वाढण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये.

चौथी स्कियोपेत्तिनो, स्लोव्हेनियाच्या सीमेवरच्या प्रेपोत्तो गावची. 1970च्या दशकात हे वाण सरकारी यादीतही नव्हतं, लावणं बेकायदा होतं. ते वाचवण्यासाठी धडपडणाऱ्यांना नोनिनो या ग्राप्पा (द्राक्षांच्या चोथ्याची दारू) बनवणाऱ्या कुटुंबाने 1975 मध्ये पुरस्कार सुरू करून बळ दिलं. हिला काळ्या मिऱ्याचा स्पष्ट वास येतो. ती कल्पना नाही: मिऱ्यात असलेलं रोटुंडोन हेच रसायन या द्राक्षाच्या सालीत असतं. मिरची कमी आणि मिरी जास्त असं मटण करा. ठेच्यापुढे मात्र कुठलीच वाइन टिकत नाही, तो बाजूला ठेवा.

शेवटची साग्रांतिनो, उंब्रियातल्या मोंतेफाल्कोची, इटलीतल्या सर्वांत तुरट वाइन्सपैकी एक. नियमाप्रमाणे 37 महिने मुरवल्याशिवाय बाजारात येत नाही, त्यातले निदान 12 लाकडात. तुरटपणा देणारं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. सोबत जुनं पेकोरिनो चीज किंवा चरबीचं मांस असलं की ते तिकडे चिकटतं आणि वाइन मऊ लागते. तिखटाबरोबर नकोच. दोन-तीन तास आधी मोठ्या जगमध्ये ओतून ठेवा. हा क्रम उलटा करू नका, साग्रांतिनोनंतर फ्राप्पातो पाण्यासारखी लागेल. गोडाबरोबरचा नियम एकच: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. पुरणपोळीपुढे बहुतेक सगळ्या हरतात. तेव्हा चहा करा.

मराठी घरात वाइनचा खरा शत्रू फोडणी. हिंग-लसणाचा वास खोलीत भरला की नाक तासभर दुसरं काही ओळखत नाही. फोडण्या पाहुणे येण्याच्या दोन तास आधी उरका आणि खिडक्या उघडा. उदबत्ती आणि सुवासिक मेणबत्ती तर बंदच. लोणचंही नंतर. ग्लास माणशी दोन पुरतात, पण मधे पाण्याने विसळायचे नाहीत, राहिलेले थेंब पुढची वाइन पातळ करतात. पुढची वाइन चमचाभर ओतून ग्लासात फिरवा आणि टाकून द्या.

बाटली उघडल्यावर काडेपेटीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका, दहा मिनिटं ग्लास फिरवत राहा, जातो. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट फडक्याचा वास असेल तर बूच खराब आहे. तो हवेने वाढतोच. तशी बाटली बूच लावून दुकानात परत न्या. चांगली एनोतेका, म्हणजे वाइनचं खास दुकान, बदलून देते, पण बाटली जवळजवळ भरलेली पाहिजे. याच कारणासाठी या पाचही सुपरमार्केटऐवजी एनोतेकातून घ्या.

उरलेली वाइन, लालसुद्धा, बूच लावून फ्रिजमध्ये. तिमोरास्सो दुसऱ्या दिवशी जास्त बोलते, सोर्बाराचे बुडबुडे मात्र उडालेले असतात. भारतात नेताना कस्टम्सची मोफत मर्यादा माणशी दोन लिटर आहे, म्हणजे दोन बाटल्या. तिसरी घेतली की 2.25 लिटर होतात. सामानात नेण्यासाठी सोर्बारा निवडू नका, पुण्यापर्यंत हिंदकळून ती फेसाळते. सांजोवेझे या द्राक्षाची वाइन नेण्याचीही गरज नाही, ते द्राक्ष आता सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ पिकतं.